इसबगोल ते प्रुकॅलोप्राइड: सोलापूरच्या मेडिकलमधल्या 'पोट साफ' करणाऱ्या औषधांची झडती

सिव्हिलसमोरचं मेडिकल असो, नवी पेठ असो की सात रस्ता, 'पोट साफ व्हायला काहीतरी द्या' म्हटलं की काउंटरवर ठरलेला माल येतो. इसबगोलाचा पुडा, सोनामुखीचं चूर्ण, दुधासारखं पातळ औषध, पाकासारखं गोड लॅक्टुलोज, बिसॅकोडिलची छोटी गोळी. मागितली तर पीईजीची, म्हणजे पाणी धरून मळ मऊ ठेवणाऱ्या पावडरीची, पुडीही मिळते. यातलं कोणतं घ्यावं हे बहुतेक वेळा जाहिरात किंवा शेजारीण ठरवते. इथे प्रत्येक मालाला तीन प्रश्न लावले आहेत: माणसांवरच्या चाचणीत ते किती मात्रेला चाललं, किती दिवस दिलं गेलं आणि घरी आपण ते तसंच घेतो का. माल वाईट असतो असं क्वचितच दिसतं. मात्रा अर्धी घेतात, मुदत त्याहून कमी पाळतात आणि मग 'मला काही लागू पडत नाही' असं म्हणत पुढची बाटली उघडतात.

चाचणीत गुण कसा मोजतात ते आधी बघू, कारण तिथेच बरीच दिशाभूल होते. नुसतं 'झालं का' एवढंच विचारत नाहीत. वरून जुलाबाची वेगळी गोळी न घेता आपणहून झालं पाहिजे आणि पोट पूर्ण मोकळं झाल्यासारखं वाटलं पाहिजे, अशीच वेळ हिशेबात धरतात. आठवड्यात अशा किती वेळा, हा आकडा. रोज जाऊनही दहा मिनिटं कुंथावं लागत असेल आणि राहिल्यासारखं वाटत असेल, तर ती बद्धकोष्ठताच. दुसरी गोष्ट खोट्या औषधाची, म्हणजे तुलनेसाठी दिलेल्या, दिसायला तशाच पण आत औषध नसलेल्या गोळी-पावडरीची. तंतूंच्या (फायबरच्या, इसबगोल त्यातलंच) चाचण्यांत ज्यांना खरं औषध मिळालंच नव्हतं, त्यांच्यापैकीही ४१ टक्के लोकांना बरं वाटलं. म्हणजे दहातले चार कशानेही सुधारतात. शेजारणीच्या अनुभवाचं वजन तेवढंच धरा.

इसबगोल

पुरावा चांगला, वापर वाईट. २०२२ साली १६ चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण झालं. त्यात १,२५१ माणसं होती. तंतू घेणाऱ्यांत ६६ टक्के लोकांना गुण आला, बाकीच्यांत ४१ टक्के. पण अट होती: रोज १० ग्रॅमच्या वर आणि निदान ४ आठवडे. आता घरातला चमचा मोजा. इसबगोलाचा भुसा हलका असतो. चहाचा सपाट चमचा भरला तर जेमतेम दीड-दोन ग्रॅम भरतो. 'झोपताना एक चमचा' घेणारा माणूस चाचणीतल्या मात्रेच्या पाचव्या हिश्श्यावर चालला आहे आणि चौथ्या दिवशी निकाल मागतो आहे.

योग्य रीत अशी. पहिला आठवडा सकाळी एक मोठा, जेवणाचा चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम. पोट फुगलं नाही तर दुसऱ्या आठवड्यापासून सकाळ-संध्याकाळ एकेक. प्रत्येक वेळी मोठा पेला, २४० मिली पाणी. ढवळायचं आणि लगेच प्यायचं. दोन मिनिटं ठेवलं की खळ होते आणि ती घशाखाली उतरत नाही. वरून आणखी एक पेला पाणी.

फक्की मारायची नाही. कोरडा भुसा अन्ननलिकेत फुगून तिथेच अडकतो. वयस्कर माणसांना, गिळताना ठसका लागणाऱ्यांना आणि पक्षाघात झालेल्यांना याचा खरा धोका आहे. अंथरुणावर पडता पडता घेणंही याच कारणाने टाळावं. थायरॉइडची, साखरेची, हृदयाची गोळी असेल तर मध्ये दोन तासांचं अंतर हवं, नाहीतर भुसा गोळीलाच धरून बसतो.

कोणाला लागू पडत नाही? १९९७ साली जर्मनीत १४९ रुग्णांवर झालेला अभ्यास या बाबतीत अजून कामाचा आहे. त्यांना किमान सहा आठवडे इसबगोल दिलं. ज्यांच्या आतड्यात तपासणीत काही दोष नव्हता, त्यांच्यापैकी ८५ टक्के सुधारले. ज्यांचं आतडंच मंद होतं, त्यांच्यापैकी ८० टक्क्यांना उपयोग झाला नाही. ज्यांचे गुदाचे स्नायू नीट सैल होत नव्हते, त्यांच्यातही ६३ टक्के लोकांना गुण आला नाही. म्हणून पूर्ण मात्रेने महिना काढूनही नुसता गॅस धरत असेल, तर मात्रा वाढवत बसू नका. तो आजार वेगळा आहे.

विकत घेताना साधा, काही न मिसळलेला भुसा घ्या. संत्र्याच्या चवीच्या डब्यात साखर किंवा गोडी आणणारं काहीतरी असतं. काही डब्यांवर मोठ्या अक्षरात इसबगोल आणि मागे बारीक अक्षरात सोनामुखी असते. तो माल वेगळा, त्याची रीतही वेगळी.

पाण्याबद्दल सोलापूरकरांना वेगळं सांगायला हवं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. यंत्रमागाच्या शेडमध्ये उभं राहून घाम गाळणाऱ्याचं बरंचसं पाणी कातडीवाटे जातं आणि मोठं आतडं उरलेलं पाणी मळातून ओढून घेतं. इटलीत १९९८ साली ११७ बद्धकोष्ठाच्या रुग्णांना रोज २५ ग्रॅम तंतूंचा आहार दिला. एका गटाने दिवसाला सुमारे एक लिटर पाणी प्यायलं, दुसऱ्याने दोन लिटर. सुधारणा दोन्हीकडे झाली, पण दोन लिटरवाल्यांत स्पष्टपणे जास्त. नुसतं पाणी वाढवून काम होतं असं यातून निघत नाही. तंतू पोटात आहेत आणि पाणी नाही, ही जोडी मात्र वाईट.

ज्वारीच्या पिठात १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, म्हणजे मध्यम भाकरीला पाचेक ग्रॅम. मंगळवेढ्याची ज्वारी खाणाऱ्याला तंतूंची ददात नसावी. पण कडक भाकरी आणि शेंगा चटणी असं कोरडं जेवण, सोबत ना आमटी ना ताक, आणि दिवसभरात चार पेले पाणी, अशा माणसाने त्यावर आणखी इसबगोल ओतलं तर खडा मोठा होतो, मऊ होत नाही.

पीईजी, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल ३३५०

दुकानात सगळ्यात कमी मागितला जाणारा आणि पुराव्यात सगळ्यात वर असलेला माल हाच. अमेरिकेतल्या दोन पोटविकार संघटनांनी २०२३ साली मिळून जी मार्गदर्शक सूचना काढली, तिच्यात याला ठाम शिफारस आहे. इसबगोल, लॅक्टुलोज आणि सोनामुखी यांना सशर्त. २००७ सालच्या चाचणीत ३०४ रुग्णांना सहा महिने रोज १७ ग्रॅम पीईजी किंवा खोटी पावडर दिली. पीईजीवाल्यांत ५२ टक्के यशस्वी, खोट्या पावडरीवर ११ टक्के. सहा महिने चाललेल्या चाचण्या या क्षेत्रात फार नाहीत, म्हणून या आकड्याला किंमत आहे.

ते आतड्यात शोषलं जात नाही, आपल्यासोबत पाणी धरून ठेवतं आणि मळ मऊ राहतो. जंतू ते आंबवत नाहीत, म्हणून गॅस कमी. १७ ग्रॅम पावडर पेलाभर पाण्यात पूर्ण विरघळवून दिवसातून एकदा. गुण यायला एक ते तीन दिवस लागतात, त्यामुळे पहिल्याच रात्री दुसरी पुडी घेऊ नये. पातळ होऊ लागलं तर अर्धी पुडी, नाहीतर दिवसाआड.

घोटाळा होतो तो नावावरून. कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी आतडं धुऊन काढायला जो मोठा पुडा देतात, त्यातही पीईजीच असतं. पण त्यात क्षार असतात आणि तो दोन लिटर पाण्यात कालवून संपवायचा असतो. रोजच्या वापराला तो नाही. चिठ्ठीवर 'पीईजी' एवढंच असेल तर दुकानदाराला '१७ ग्रॅमची, रोजची' असं सांगून घ्या. गल्लीतल्या लहान दुकानात नसेल तर तो दुसऱ्या दिवशी मागवून देतो.

लॅक्टुलोज

चांगलं, पण पीईजीच्या खालचं. २०१० साली १० चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा किती वेळा होतं, किती मऊ होतं, पोट किती दुखतं, सगळ्यात पीईजी सरस ठरलं. लॅक्टुलोज ही न पचणारी साखर आहे. मोठ्या आतड्यातले जंतू ती आंबवतात, म्हणून पोट गुडगुडतं आणि वारा सरतो. १५ मिलीत १० ग्रॅम असतं. १५ मिलीपासून सुरुवात, गरज पडली तर ३० मिली. परिणामाला २४ ते ४८ तास. तक्रार नेहमीची एकच: 'रात्री घेतलं, सकाळी काही झालं नाही.' होणारच नव्हतं. मधुमेहींना चालतं, पण बाटलीत थोडी दुसरी साखरही असते, म्हणून मोठ्या मात्रेवर डॉक्टरांना कल्पना द्यावी. जनऔषधी दुकानात मूळ नावाने मागितलं तर स्वस्त पडतं, आत औषध तेच.

सोनामुखीची चूर्णं

सोलापुरात खप बहुधा यांचाच. डबा उलटा करून घटक वाचा: सोनामुखी, हिरडा, निशोत्तर, ओवा, ज्येष्ठमध, काळं मीठ, सज्जीखार, असंच काहीतरी दिसेल. काम करते ती मुख्यतः सोनामुखी. तिच्यातला घटक मोठ्या आतड्यातल्या जंतूंनी मोकळा केला की आतड्याच्या भिंतीला चिमटा बसतो आणि आतडं आवळू लागतं. म्हणून रात्री घेतलं की सकाळी कळ येऊन होतं.

पुरावा आहे, पण छोटा. जपानमध्ये २०२१ साली ९० रुग्णांना २८ दिवस सोनामुखी, मॅग्नेशियम ऑक्साइड किंवा खोटी गोळी दिली. सोनामुखीवर ६९.२ टक्के, मॅग्नेशियमवर ६८.३ टक्के आणि खोट्या गोळीवर ११.७ टक्के सुधारले. एवढ्या फरकाकडे काणाडोळा करता येत नाही. तरी ब्रिटनच्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२५ च्या सूचनेत सोनामुखीला शिफारस दिली नाही आणि अमेरिकेने दिली, तीही सशर्त. तज्ज्ञांची दोन टोकं जुळत नाहीत ती चाचण्या इतक्या थोड्या आहेत म्हणून. '४ आठवडेच घ्या' हा सल्लाही त्यातूनच आलेला आहे: चाचणी तेवढीच चालली.

'सवय लागते, आतडं निकामी होतं' या भीतीला ठरलेल्या मात्रेपुरता भक्कम आधार नाही. सोनामुखीने आतड्याच्या आतल्या बाजूला काळपट रंग चढतो तो खरा, पण तो निरुपद्रवी असतो आणि औषध बंद केल्यावर जातो. चूर्णाची अडचण दुसरी आहे. चाचणीतल्या गोळीत सोनामुखी मोजून असते, चूर्णाच्या चमच्यात ती माणसागणिक बदलते. 'अर्धा चमचा' वर्षभरात दोन चमचे कधी झाला ते कळत नाही. शिवाय काळं मीठ आणि सज्जीखार म्हणजे सोडियम. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्याने रोज चमचाभर असलं चूर्ण घेऊ नये, हे डब्यावर ठळक लिहिलेलं असायला हवं होतं.

त्रिफळ्याला वरच्या अमेरिकी यादीत जागा नाही. रात्री कोमट पाण्यासोबत घेऊन ज्यांना बरं वाटतं त्यांनी खुशाल घ्यावं. हट्टी बद्धकोष्ठाला त्याच्या भरवशावर राहू नये. एरंडेल तेल तर रोजच्या वापरातून काढूनच टाका. कळा जोरात येतात आणि गरोदरपणी ते घेणं धोक्याचं.

बिसॅकोडिल आणि पिकोसल्फेट

लोक यांना 'जुलाबाची गोळी' म्हणून घाबरतात, पण आकडे बोलके आहेत. २०११ सालच्या चाचणीत ३६८ रुग्णांना ४ आठवडे रोज १० मिलिग्रॅम बिसॅकोडिल किंवा खोटी गोळी दिली. आठवड्याला पूर्ण समाधानाची वेळ १.१ वरून ५.२ वर गेली, खोट्या गोळीवर १.९. त्याच जातीच्या पिकोसल्फेटच्या २०१० सालच्या चाचणीत ३६७ जण होते, तिथे ०.९ वरून ३.४.

घरी ५ मिलिग्रॅमने सुरुवात करावी. गोळीला आवरण असतं ते जठरात न विरघळावं म्हणून. गोळी चावली, कुटली किंवा दुधाबरोबर वा अ‍ॅसिडिटीच्या औषधाबरोबर घेतली, की आवरण आधीच सुटतं आणि पोटात मुरडा येतो. मध्ये तासाभराचं अंतर ठेवा. परिणाम सहा ते बारा तासांनी. दिवसपाळीवाल्याने रात्री झोपताना घ्यावी. रात्रपाळीच्या कामगाराने सकाळी घरी येऊन घ्यावी, नाहीतर ऐन मागावर कळ येते आणि ती दाबली जाते. कळ दाबणं हे स्वतंत्र कारण आहे. तासन्‌तास एका बैठकीत विड्या वळणाऱ्या बायकांत किंवा शेडमध्ये संडासाची सोय नसलेल्या कामगारांत रोज कळ दाबली की मळ खालीच थांबून वाळतो, आणि पुढे ती जाणीवही बोथट होते.

याच औषधाची १० मिलिग्रॅमची गुदात ठेवायची वडीही मिळते. ती पंधरा मिनिटं ते तासाभरात काम करते. गोळी घेऊन सकाळची बस चुकवायची नसेल त्यांना वडी सोयीची.

दुधासारखं पातळ औषध

यात बहुतेक वेळा मॅग्नेशियमचा क्षार आणि लिक्विड पॅराफिन असतं, कधी वर पिकोसल्फेटही. अधूनमधून ठीक. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॅग्नेशियम रक्तात साचतं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला पॅराफिन देऊ नये. गिळताना थेंब श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाला तेलाची सूज येते. महिनोन्‌महिने घेतलं तर ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं त्याच्याबरोबर निघून जातात.

किवी, सुकं आलुबुखार आणि पायाखालचा पाट

किवीचं कौतुक जाहिरातीतून आलेलं नाही. रोज दोन हिरव्या किवी ४ आठवडे, याची तुलना इसबगोल आणि सुक्या आलुबुखाराशी झाली आहे आणि किवी मागे पडली नाही. पोट फुगण्याची तक्रारही कमी. सोलापुरात फळवाल्याकडे नगावर मिळते आणि महाग पडते. महिन्याचा हिशेब केला तर पीईजीच स्वस्त निघेल. सुकं आलुबुखार रोज १०० ग्रॅम, म्हणजे दहा-बारा नग, एवढी चाचणीतली मात्रा आहे. २०११ साली ४० जणांत ते इसबगोलापेक्षा सरस ठरलं. सुक्यामेव्याच्या दुकानात घेताना चटणी-सरबताचं आंबट, बीवालं आलुबुखार नको. बिनबियांचं, मऊ, काळं मागा.

कमोडसमोर ठेवायची प्लास्टिकची पायरी ऑनलाइन विकतात. तत्त्व बरोबर आहे: गुडघे कंबरेच्या वर आले की गुदाचा कोन सरळ होतो. २०१९ साली ५२ निरोगी माणसांत जोर कमी लागला आणि वेळही वाचला. पण सात-आठ इंचांचा लाकडी पाट तेच काम करतो. खाली बसायचा संडास असेल तर तोही नको.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं

प्रुकॅलोप्राइड आतड्याची हालचाल वाढवतं. २००८ सालच्या चाचणीत ६२० रुग्ण, १२ आठवडे. २ मिलिग्रॅमवर ३०.९ टक्के लोक आठवड्याला तीन पूर्ण वेळांपर्यंत पोहोचले, खोट्या गोळीवर १२ टक्के. फरक खरा आहे, पण दहातले सात जण तिथवर पोहोचले नाहीत हेही वाचा. ४ मिलिग्रॅमचा आकडा २८.४ होता, म्हणजे मात्रा दुप्पट करून काही हाती लागत नाही. ६५ च्या पुढच्यांना सुरुवात १ मिलिग्रॅमने. पहिल्या एक-दोन दिवसांत डोकं दुखतं आणि जुलाब होतात, तिथेच बरेच जण सोडून देतात. तेवढे दिवस काढले तर बहुतेकांचा त्रास ओसरतो. चिठ्ठीवरचंच दुसरं औषध, लुबिप्रोस्टोन, जेवणाबरोबर घ्यावं, रिकाम्या पोटी मळमळतं.

यापैकी काहीही चालत नसेल, बोट घालून काढावं लागत असेल किंवा मऊ मळालाही कुंथावं लागत असेल, तर दोष बहुधा स्नायूंचा असतो. कुंथताना गुदाचे स्नायू सैल व्हायच्या ऐवजी आवळतात. यावर बायोफीडबॅक नावाचा सराव आहे: पडद्यावर दाब बघत बघत स्नायू सैल सोडायला शिकवतात. २००६ साली १०९ रुग्णांत सहा महिन्यांनी बायोफीडबॅकवाले ८० टक्के सुधारले, पीईजीवाले २२ टक्के. तपासणी सोपी आहे. ५० मिली पाण्याचा फुगा गुदातून मिनिटभरात बाहेर ढकलता येतो का ते बघतात, जोडीला अ‍ॅनोरेक्टल मॅनोमेट्री, म्हणजे गुदाच्या स्नायूंचा दाब मोजणं. ही सोय प्रत्येक पोटाच्या डॉक्टरकडे नसते, म्हणून जाण्याआधी फोनवर विचारून घ्या.

मेडिकलच्या काउंटरवरून हात हलवत परत फिरायचे प्रसंगही आहेत. मळातून रक्त, वजन उतरणं, रक्त कमी होणं, पन्नाशीच्या आसपास नव्यानेच सुरू झालेली बद्धकोष्ठता, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग: आधी तपासणी, मग औषध. चालू गोळ्यांची यादीही दाखवा. लोह, कॅल्शियम, कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडोल, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, व्हेरापामिल या सगळ्यांनी बद्धकोष्ठ होतं. थायरॉइड कमी असेल तर तेही.

अंथरुणावरच्या म्हाताऱ्या माणसाला पाच-सहा दिवस झालं नाही आणि मग अचानक थोडं थोडं पातळ गळू लागलं, तर घरचे त्याला जुलाब समजून जुलाब थांबवायची गोळी देतात. तो अडकलेल्या खड्याच्या बाजूने झिरपणारा मळ असतो. तिथे इसबगोल नाही, जुलाब थांबवणारं लोपेरामाइडही नाही. दवाखान्यात बोटाने तपासून खडा मोकळा करावा लागतो. फॉस्फेटचा तयार एनिमा घरीच द्यायचा मोह टाळा. वय झालेल्या किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसात त्यातलं फॉस्फेट रक्तात चढून जिवावर बेतू शकतं.